एकसष्टावं कार्ड

"तळमजल्यावरचे हेर डॉक्टर रुझिच्का प्रागला जातो म्हणाले, तर विश्वास ठेवू नका."

फ्राऊ ओबरमायर हे म्हणाली तेव्हा अरुंधती टपालपेट्यांसमोर उभी होती. एका हातात लेकीचं, स्पृहाचं, जाकीट, दुसऱ्या हातात स्पृहाचंच दुसरं, जाडसर जाकीट. म्युनिकच्या मे महिन्याचा तिला भरवसा नव्हता. ओबरमायरबाई म्हणजे इमारतीची हाउसमाइस्टर. जिने, कचरा, किल्ल्या आणि इतरांच्या भानगडी, सगळं तिच्या ताब्यात. गुडघ्यांच्या उपचारांसाठी ती चार आठवडे डोंगरातल्या आरोग्यधामात निघाली होती, आणि जाण्यापूर्वी इमारतीची सूत्रं हवाली केल्यासारखी बोलत होती.

"नव्वद सालानंतर हा माणूस प्रागला गेलेलाच नाही. आजारी पडला की प्रागला जातो. खिडक्यांची शटर खाली ओढतो आणि आत पडून राहतो. कुणाला त्रास नको म्हणे! चार वर्षांपूर्वी मी दार उघडलं म्हणून वाचला. ही त्याच्या घराची किल्ली. ठेवा तुमच्याकडे."

"हो, हो," अरुंधती हसून म्हणाली आणि किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली. मनात म्हणाली, बाईला दुसऱ्याच्या घरात डोकवायची भारी हौस. एवढा विद्वान माणूस खोटं कशाला बोलेल?

घरी आल्यावर तिने किल्ली दारामागच्या खुंटीला अडकवली. तिचा नवरा शिरीष म्हणाला, "वा! बढती झाली की तुझी. उप-हाउसमाइस्टर."

खरं तर अरुंधतीला काळजी करायला कुणी शिकवायची गरज नव्हती. खिडक्यांच्या कड्या ती दोनदा तपासायची, द्राक्षं चार तुकडे करून द्यायची, स्पृहा झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. पण तिची सगळी काळजी एकाच मापाने बेतलेली होती, आणि ते माप साडेचार वर्षांचं होतं.

हेर डॉक्टर, म्हणजे श्रीयुत डॉक्टर रुझिच्का, तळमजल्यावर एकटे राहत. वय ऐंशी. एकोणपन्नास साली चेकोस्लोव्हाकियातून रात्री जंगल ओलांडून जर्मनीत आलेले, आणि तेव्हापासून म्युनिकमध्येच. अनुवाद केले, ग्रंथालयात नोकरी केली, आणि आता आयुष्यभर लांबवलेलं एक पुस्तक लिहीत होते: चेक लोकांचा राजकीय विचार आणि त्यांचे पक्ष, १८४८ पासून आजपर्यंत. त्यांची ओळख झाली तेव्हा अरुंधती म्युनिकमध्ये नवी होती. राज्यशास्त्रात एम. ए. केलेली, पण व्हिसावर ठळक अक्षरांत नोकरीला मनाई. हे कळल्यावर म्हातारबुवांनी तिला तिथल्या तिथे पदवी बहाल केली. "फ्राऊ मागिस्टर! माझ्या कार्डांचं टायपिंग कराल का?"

"माझं जर्मन कच्चं आहे," ती म्हणाली.

"उत्तम. म्हणजे तुम्ही सुधारणा करणार नाही. आजवर तीन चेक लोकांना हे काम दिलं. प्रत्येकाने आपापल्या पक्षाची बाजू नीट करून परत दिलं."

तेव्हापासून आठवड्यातून एकदा सकाळी आठला तिच्या टपालपेटीत एक कार्ड पडू लागलं. पोस्टकार्डाएवढं, वर क्रमांक, खाली निळ्या पेनाने टिपण. स्पृहा किंडरगार्टनला गेली की अरुंधती ते टाइप करी आणि संध्याकाळी छापील कागद त्यांच्या दाराखालून आत सरकवी. दोन वर्षं हा रिवाज चालला. त्यात कोणी कुणाचे आभार मानत नसे. आभार मानायला लागलो तर काम राहील, असं रुझिच्कांचं मत होतं.

पहिल्या कार्डात पालात्स्की नावाच्या इतिहासकाराने जर्मनांच्या फ्रँकफुर्टच्या संसदेचं बोलावणं नम्रपणे परत केलं होतं. "आमचं राजकारण 'येत नाही' या उत्तराने सुरू झालं," रुझिच्का म्हणाले. मग म्हाताऱ्या चेकांचा पक्ष आणि तरुण चेकांचा पक्ष आले. म्हाताऱ्यांनी व्हिएन्नाच्या प्रतिनिधिगृहावर वर्षानुवर्षं बहिष्कार घातला. तरुण म्हणाले, घरी बसून काय होणार, आत जाऊन भांडू या.

"आमच्याकडे मवाळ आणि जहाल होते," अरुंधतीने सांगितलं. म्हातारबुवांना हे शब्द इतके आवडले की पुढची दहा कार्डं त्यांनी 'दी मवाल' आणि 'दी जहाल' असंच लिहिलं, आणि ते तिला काढून टाकावं लागलं. दर रविवारी फोनवर ती हे सगळं बाबांना सांगायची.

तिचे बाबा, श्यामकांत, मिरजेत एकटे राहत. तिथल्याच कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलेलं. आई जाऊन सहा वर्षं झालेली. ते लगेच रंगात येत. "अगं, पण उलटंच की! आपल्याकडे मवाळांना कौन्सिल हवं. यांचे मवाळ घरी बसलेत आणि जहाल आत शिरतायत. त्यांना विचार, बहिष्कार घालून मिळालं काय?"

तिने विचारलं. रुझिच्का म्हणाले, "वडिलांना सांगा, सवय मिळाली. आम्हाला दोन सवयी लागल्या. एक, न जाण्याची. दुसरी, जे काय ते आधीच खोलीत बसून ठरवून टाकण्याची. पहिल्या महायुद्धानंतर देश मिळाला, पक्ष झाले ढीगभर. पण ठरवायचे पाच पक्षांचे पाच जण. पंचेचाळीसनंतर तर कुठला पक्ष असावा आणि कुठला नसावा, हेसुद्धा आधीच ठरलं. लोकांनी फक्त हात वर करायचे."

"आल्झो, थोडक्यात काय," ते म्हणाले, "आमच्याकडे पक्षाला कुणी मारावं लागत नाही. तो हात वर करून मरतो."

साठाव्या कार्डावर १९४८ चा फेब्रुवारी आला. कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. पुढचं कार्ड आलं त्यावर क्रमांक होता बासष्ट, आणि विषय १९६८.

"एकसष्ट राहिलं," अरुंधती म्हणाली.

"देईन नंतर."

ते नंतर आलंच नाही. सत्तर आलं, ऐंशी आलं, एकोणनव्वदची क्रांती आली. सोशल डेमोक्रॅट हा रुझिच्कांचा स्वतःचा पक्ष, चाळीस वर्षं परदेशातल्या भाड्याच्या खोल्यांत कसाबसा टिकवलेला. तो मायदेशी परतून नव्याने उभा राहिला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशीवं कार्ड आलं. बाबांनी फोनवर पुन्हा विचारलं, "एकसष्ट मिळालं का गं? तिथेच काहीतरी आहे बघ. मी पेपर तपासताना मुलं जो प्रश्न सोडायची तोच आधी बघायचो."

मेच्या शेवटच्या सोमवारी स्पृहाच्या पोटावर तीन लाल ठिपके दिसले. संध्याकाळपर्यंत तीसेक झाले. कांजिण्या. अरुंधतीचं जग तिथून पुढे ठिपक्यांच्या मोजणीत गेलं. मंगळवारी ती औषधाच्या दुकानातून परतत होती, तेव्हा जिन्यापाशी रुझिच्का भेटले. डोक्यावर हॅट, एक हात भिंतीला. चेहरा पिवळट दिसत होता, पण जिन्यातल्या दिव्यात सगळ्यांचाच तसा दिसे.

"फ्राऊ मागिस्टर, जवळ येऊ नका, थोडी सर्दी आहे. मी उद्या प्रागला चाललो. शुक्रवार-शनिवार आमची निवडणूक. मत द्यायचंय. या आठवड्यात कार्ड नाही."

"आणि स्पृहाला कांजिण्या झाल्यात!" ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही जाताय ते. या वयात तुम्हाला लागण झाली तर काय?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "बरंच झालं."

ओबरमायरबाईचं वाक्य तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण निवडणूक खरीच होती. शिरीषच्या संगणकावर तिने स्वतः बातमी वाचली होती. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. एका माणसाची चिंता आठवडाभर तरी कमी. बुधवारी सकाळी तळमजल्याचं शटर खाली होतं. गेले एकदाचे, ती मनात म्हणाली.

गुरुवारी दुपारी दीडच्या सुमाराला ती कचरा टाकायला खाली आली. रुझिच्कांच्या दारामागून रेडिओचा आवाज येत होता. अगदी बारीक, चेक भाषेत कोणीतरी बोलत होतं. अरुंधती थांबली. बेलपाशी बोट गेलंसुद्धा.

पण दुपारी एक ते तीन कुणाच्या दारावर बेल वाजवायची नाही, हे म्युनिकच्या गृहनियमांच्या कितीतरी आधी तिला मिरजेने शिकवलं होतं. बाबांची दुपारची झोप म्हणजे घरातला कायदा. दूधवाला, पोस्टमन, कॉलेजचा शिपाई, सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा तर खुद्द प्राचार्य पायरीवर अर्धा तास बसून राहिले होते. आणि रेडिओचं म्हणाल तर बाबाही कुठे बाहेरगावी निघाले की रेडिओ चालू ठेवूनच जायचे. घरात माणूस आहे असं चोराला वाटावं म्हणून. म्हातारी माणसं सगळीकडची सारखीच, असं तिच्या मनात आलं. तिला जरा हसूही आलं. बोट मागे घेतलं. तीननंतर एकदा बघू, असं ठरवून ती वर गेली.

तीनला स्पृहा रडत उठली. "एस युक्ट, मामा! एस युक्ट!" खाजतंय, खाजतंय. अरुंधती पुन्हा खाली गेलीच नाही.

शनिवारी संध्याकाळी निकाल आला. शिरीष संगणकासमोरून ओरडला, "अगं, ये इकडे! दोनशे जागा. डावे शंभर, उजवे शंभर! कॅरम बोर्ड मध्ये ठेवून खेळवा म्हणावं."

"रुझिच्कांचा पक्ष?"

"डाव्या शंभरात आहे. पण कुणाचंच सरकार होत नाही."

ते प्रागला बसून काय म्हणत असतील, या विचाराने तिला गंमत वाटली. एकोणनव्वदावं कार्ड हेच असणार.

रविवारी सकाळी स्पृहाचा ताप उतरला. सहा दिवसांत पहिल्यांदा अरुंधतीने चहा बसून प्यायला. चपलांच्या कपाटावर शिरीषने आठवड्याचं टपाल टाकलेलं होतं. ती ते चाळू लागली. विम्याचं पत्र, पिझ्झाची जाहिरात, विश्वचषकानिमित्त गाडीला लावायच्या झेंड्याचं कूपन. आणि त्यांच्या मधोमध एक कार्ड. वर क्रमांक, ६१. तिकीट नाही, शिक्का नाही.

"शिरीष, हे कधी आलं?"

"कार्ड? गुरुवारी ऑफिसला जाताना काढलं पेटीतून. तू मलम लावत होतीस, म्हणून ठेवून दिलं."

"गुरुवारी कसं? ते बुधवारी गेले ना?"

शिरीषने खांदे उडवले. तिने कार्ड वाचायला घेतलं. अक्षर नेहमीसारखं सरळ नव्हतं. ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या.

'जून १९४८. सोशल डेमोक्रॅटिक पक्ष कम्युनिस्ट पक्षात विलीन. पिल्झेनमधल्या आमच्या शाखेची बैठक. हजर सोळा. मतदान हात वर करून. बाजूने पंधरा. मी युवक आघाडीचा चिटणीस, वय बावीस. माझा हात चौथा. वर न गेलेला एक हात एका छापखान्यातल्या कामगाराचा, नाव युराचेक. त्याचं घर माझ्या घरापासून चौथं. त्यानंतर आठवडाभर त्याच्या खिडक्या बंद होत्या. गावाला गेला, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो. पुढच्या वर्षी मी सीमा ओलांडली. मधल्या काळात मी त्याचं दार एकदाही वाजवलं नाही. नव्वद साली पक्षाच्या पहिल्या अधिवेशनात मागच्या रांगेतून एका बाईने मला विचारलं, तुम्ही युराचेकचे शेजारी ना? त्याच संध्याकाळी मी गाडी पकडून परत आलो. फ्राऊ मागिस्टर, यात काही सुधारू नये.'

अरुंधतीने कार्ड खाली ठेवलं. आणि मग तिला अठ्ठ्याऐंशीवं आठवलं. तिने स्वतः टाइप केलेलं, दोनदा वाचून तपासलेलं. २००२ पासून परदेशातल्या चेक नागरिकांना तिथल्या वकिलातीत मत देता येतं. खाली शेरा: मी म्युनिकमध्येच दिलं, यू-बान मेट्रोने पंचवीस मिनिटं. मत द्यायला या माणसाला प्रागला जायची काहीच गरज नव्हती. हे साऱ्या इमारतीत फक्त तिला माहीत होतं.

दारामागच्या खुंटीवर किल्ली होती. सव्वीस दिवस होती.

"स्पृहाजवळ बस," ती म्हणाली. पण तिचा चेहरा बघून शिरीष म्हणाला, "तू बस. मी जातो."

"नाही. किल्ली माझ्याकडे दिली होती."

शेवटी तो मागून आला, दारापर्यंत. तिने बेल वाजवली. तीनदा वाजवली. आत रेडिओ बोलत होता. मग तिने किल्ली फिरवली.

रुझिच्का स्वयंपाकघरात होते, खुर्चीत, अंगावर कोट, पायांवर घोंगडी. टेबलावर कोरी कार्डं, औषधाची न उघडलेली पुडी, आणि हॅट. खिडकीच्या कट्ट्यावरचा रेडिओ मोठ्या उत्साहाने काहीतरी सांगत होता, आणि त्या परक्या भाषेतला एक शब्द पुन्हापुन्हा येत होता: स्तो, स्तो. त्यांच्याकडूनच ती तो शिकली होती. स्तो म्हणजे शंभर.

डॉक्टर आले, त्यांनी न्यूमोनिया असं लिहिलं. मृत्यूची वेळ नक्की सांगता येणार नाही. गुरुवारची रात्र किंवा शुक्रवारची पहाट असावी. म्हणजे गुरुवारी दीड वाजता ते होते. आत, खुर्चीत, दारापासून सात पावलांवर. अरुंधतीने नंतर ती पावलं चालून पाहिली.

ओबरमायरबाई आरोग्यधामातून परतली ती अंत्यसंस्काराच्या दिवशी. अरुंधती तिच्या बोलण्याची वाट बघत राहिली. तिने फक्त हात पुढे केला. अरुंधतीने किल्ली त्यावर ठेवली.

पिल्झेनहून एक पुतण्या येऊन कागदपत्रं घेऊन गेला. अरुंधतीने त्याला छापील प्रत दिली, एक ते अठ्ठ्याऐंशी, मध्ये एकसष्ट जागेवर. एक शब्दही सुधारला नव्हता. तो दारातच उभ्याउभ्या ते पान वाचू लागला, मग मिटून पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "काकांना सगळं सांगायची सवय होती, हे एवढं सोडून."

स्पृहा मात्र महिनाभर जाता-येता तळमजल्यावर विचारत होती, "ओपा रुझी इस्ट इन प्राग?" रुझीआजोबा प्रागला आहेत का?

"हो," शिरीष म्हणायचा. अरुंधती तिचा हात धरून जिना चढू लागायची.

बाबांना तिने सगळं सांगितलं, कार्डासकट. मग ते म्हणाले, "तुझी चूक नाही, बाळ. एकट्या माणसाला त्रास द्यायचं जिवावर येतं गं. तुला नाही कळायचं." आणि लगेच विषय बदलला.

ही गोष्ट जूनमधली. आता जुलै संपत आलाय. गेल्या रविवारी बाबांनीच आधी फोन केला. ते कधी आपणहून करत नाहीत. "आठ दिवस कोल्हापूरला चाललोय, विष्णूकडे. तू उगाच फोन लावत बसू नकोस. घरी कुणी उचलणार नाही." दोन वाक्यांच्या मधे ते थांबत होते. तिने विचारलं, "दम लागतोय का?" तर म्हणाले, "जिना चढून आलोय." त्यांच्या घराला जिना नाही.

ते तिला फोन ठेवल्यावर सुचलं. आणि दुसरी गोष्ट सुचायला बुधवार उजाडला. विष्णूकाका कोल्हापुरात नाहीत. एप्रिलमध्येच ते मुलीकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले. हे तिला बाबांनीच सांगितलं होतं, चांगलं सविस्तर, ज्या रविवारी तिने त्यांना अठ्ठ्याऐंशीवं कार्ड वाचून दाखवलं, त्याच रविवारी.

मग तिने फोन लावायला सुरुवात केली. घरी नुसती रिंग जाते. शेजारच्यांचा नंबर बंद पडलाय. बाबांचा जुना विद्यार्थी हरीश तेवढा लागला. म्युनिकमध्ये सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे मिरजेत दीड. "ताई, सर गावाला गेलेत ना? परवा जाताना आतून रेडिओ ऐकू येत होता, चालू ठेवून गेलेत नेहमीसारखे. आणि असलेच घरी, तर आता झोपले असतील हो. संध्याकाळी बघतो की. सरांची झोप मोडायची म्हणजे..." तो हसला. त्यानंतर त्याचाही फोन लागत नाही. विमान शनिवारचं आहे, त्याआधीचं मिळालं नाही.

म्हणून अरुंधतीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही मिरजेत असाल, किंवा सांगलीहून तासाभरात पोचू शकत असाल, तर जाऊन या. स्टेशनकडून येताना दत्ताच्या देवळाच्या अलीकडचं बैठं घर, हिरवं दार, दारात ओव्याची कुंडी, पाटीवर नुसतंच 'प्राध्यापक'; पुढचं नाव पावसाने पुसलंय. आतून रेडिओ ऐकू येईल. तो ऐकून परत फिरू नका. शेजारचे म्हणतील गावाला गेलेत; त्यांचं ऐकू नका. आणि दुपारची वेळ असली तरी बेल वाजवा, पुन्हापुन्हा वाजवा. बाबा चिडतील. चिडू देत.